पेडल, इंजिन आणि पेटंटची मेख

सोलापुरात इंजिनिअरिंगच्या पोरांची एक बातमी ठरलेली: पेडल मारून गाडीची बॅटरी चार्ज, दमलात की इंजिन चार्ज करतं, आणि शेवटी ‘पेटंटही मिळवलं’. बहुतेकदा मिळालेलं नसतं, नुसता अर्ज असतो. अर्ज तर १८ महिन्यांनी आपोआप प्रसिद्ध होतात.

परीक्षा पुढेच असते. त्या विषयातल्या जाणकाराला जे सहज सुचेल, त्याला पेटंट नाही. यंत्रमागाचा प्रश्न असेल तर हा जाणकार म्हणजे कारखान्यातला मुरलेला जॉबर, म्हणजे माग लावणारा-दुरुस्त करणारा कारागीर, समजा. आणि १९७० च्या पेटंट कायद्याचं कलम ३(एफ) सांगतं की ओळखीची उपकरणं शेजारी मांडली आणि प्रत्येक जण आपलं जुनंच काम करत राहिला, तर तो शोध नव्हे. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने लेथवर भांडी पकडण्याच्या साधनाचं पेटंट अशाच विचाराने रद्द ठरवलं. पेडल आणि इंजिन एका गाडीवर तर लूनानेही आणले होते.

पण बॅटरीपाशी एक गंमत होते. पेडलने फिरणाऱ्या जनित्रातून जितका जास्त प्रवाह ओढाल, तितकं ते फिरवायला जड. तो प्रवाह ठरतो जनित्राचं व्होल्टेज आणि बॅटरीचं व्होल्टेज यांच्यातल्या फरकावर. इंजिन चार्ज करू लागलं की १२ व्होल्टच्या बॅटरीच्या टोकांवर साडेबाराचे चौदा-सव्वाचौदा होतात. फरक घटतो, प्रवाह पडतो, आणि पेडल एकदम हलकं होऊन पाय भिरभिरतात. म्हणजे दोन यंत्रं एकमेकांत ढवळाढवळ करतायत! मध्ये कन्व्हर्टर (व्होल्टेज हवं तसं बदलून देणारं सर्किट) बसवून, इंजिन चालू असो वा बंद, पायाला जाणवणारा जोर कायम ठेवला, तर निदान वाद घालायला जागा आहे. दाव्यात, म्हणजे आपला शोध नेमका कोणता हे सांगणाऱ्या अर्जाच्या भागात, लिहायचं ते हे. पोरं मात्र ‘पेडल व इंजिन यांची जोडणी’ लिहून मोकळी होतात.

‘चार्जिंगचा खर्च शून्य’ ही जाहिरात सोडूनच द्या. धडधाकट माणूस तासभर टिकवतो ती ताकद जेमतेम १०० वॅट. तीन युनिटची स्कूटर-बॅटरी भरायला, काहीही वाया गेलं नाही असं धरलं तरी, ३० तास पेडल मारावं लागेल, तेही सोलापूरच्या मे महिन्यात. चालत्या चाकाला जनित्र लावून गाडी स्वतःच स्वतःला चार्ज करेल म्हणणाऱ्यांसाठी कलम ३(ए) आहे: निसर्गनियमांविरुद्ध जाणारा दावा मुळात शोधच धरला जात नाही.

कन्व्हर्टरवाल्यालाही पेटंट कार्यालयाचा परीक्षक विचारणारच: हे गॅरेजातल्या ऑटो-इलेक्ट्रिशियनने पहिल्याच दिवशी केलं नसतं का?