खिळे, टपाल आणि पडदा : परदेशी वर्गाशी जोडून घेण्याची पार्श्वभूमी

परदेशातल्या शाळेशी वर्ग जोडायचा म्हटलं की शिक्षक आधी इंटरनेटचं काय, असं विचारतात. पण या पद्धतीची मुळं एका छोट्या हातछपाई यंत्रात आहेत.

फ्रान्सच्या दक्षिणेला, ग्रास शहराजवळ बार-स्यूर-लू हे गाव आहे. तिथले शिक्षक सेलेस्तँ फ्रेने पहिल्या महायुद्धात फुप्फुसाला इजा होऊन परतले होते. वर्गात फार वेळ बोलणं त्यांना झेपत नसे. १९२४ च्या सुमारास त्यांनी वर्गातच छापखाना मांडला. मुलं आपणच लिहिलेला मजकूर एकेक खिळा, म्हणजे छपाईचं सुटं अक्षर, जुळवून छापू लागली. ती पानं देशाच्या दुसऱ्या टोकाला, ब्रिटनी प्रांतातल्या रने दानिएल यांच्या वर्गाकडे जात आणि तिकडची पानं इकडे येत. वाचणाऱ्याने आपलं गाव पाहिलेलं नाही, म्हणून काहीही गृहीत धरता येत नाही. किती, कुठे, कशासाठी हे सगळं लिहावं लागतं. या पद्धतीचं खरं बळ तेव्हाही यातच होतं, आजही यातच आहे.

युनेस्कोने १९५३ मध्ये १५ देशांतल्या ३३ शाळांना घेऊन सहयोगी शाळांचं जाळं सुरू केलं. १९७४ मध्ये आंतरराष्ट्रीय सामंजस्याच्या शिक्षणाबद्दलची शिफारसही आली, २०२३ मध्ये तिची सुधारित आवृत्ती निघाली. धोरण म्हणून हे मोलाचंच. पण आपल्या वर्गाला दुसरा वर्ग कसा मिळायचा, हा शिक्षकाचा प्रश्न धोरणाने सुटत नाही.

तो सोडवण्याचा मोठा प्रयत्न झाला १९८८ मध्ये. शीतयुद्ध संपलेलं नसताना न्यूयॉर्क राज्यातल्या १२ आणि मॉस्कोतल्या १२ शाळा संगणकाने जोडल्या गेल्या. त्यातूनच पुढे देशोदेशींच्या शाळांना जोडणारं आयअर्न (iEARN) हे जाळं उभं राहिलं. तिथे रुळलेली ‘लर्निंग सर्कल’ची रीत शिक्षकांनी जरूर समजून घ्यावी. सहा ते आठ वर्गांचा एक गट असतो. प्रत्येक वर्ग स्वतःचा एक प्रकल्प चालवतो आणि बाकीच्यांच्या प्रकल्पांना मजकूर पुरवतो. दोनच वर्गांची जोडी असली आणि समोरच्यांची परीक्षा आली, की पत्रं थांबतात आणि सगळंच बारगळतं. गटात एखादा वर्ग गप्प झाला तरी काम चालू राहतं.

युरोपात २००५ मध्ये शाळांना इंटरनेटवरून जोडणारा ई-ट्विनिंग हा उपक्रम आला, मग व्हिडिओ कॉल. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला आणि हा विषय महाराष्ट्रातल्या घराघरांत पोहोचला.

पडदा आला तशी एक चूकही रुळली. पहिल्या कॉलमध्ये सण, दुसऱ्यात खाद्यपदार्थ, तिसऱ्याला बोलायला काही उरत नाही. दोन्हीकडे एकच प्रश्न नसल्यामुळे असं होतं. त्यापेक्षा दोन्ही वर्गांनी घरी रोज किती पाणी लागतं ते आठवडाभर मोजावं. आपली बादली किती लिटरची हे आधी मापून घ्यावं, नाहीतर आकडे जुळत नाहीत. तक्ते आधी पाठवावेत, मुलांनी तिकडच्या तक्त्यावर प्रश्न काढावेत, आणि मगच वीस मिनिटांचा कॉल ठेवावा.

वेळ ठरवताना दोन्हीकडची घड्याळं लिहून पाठवावीत. ब्रिटनमधले सकाळचे साडेदहा म्हणजे तिकडच्या हिवाळ्यात आपले दुपारचे चार, उन्हाळ्यात तीन. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं बदलतात, त्यामुळे त्यानंतरच्या पहिल्या कॉलची वेळ नव्याने पक्की करून घ्यावी.