खुब्याचं हाड आणि मज्जेतल्या मूळपेशी : पार्श्वभूमी

धडगाव, अक्कलकुवा, तळोदा या सातपुड्याच्या पट्ट्यात भिल्ल आणि पावरा समाजात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आढळतो. त्यातले काही जण ऐन तारुण्यात लंगडू लागतात. जांघेत कळ येते, उकिडवं बसता येत नाही. कोयत्यासारख्या वाकलेल्या तांबड्या पेशी खुब्याच्या गोळ्यातल्या (मांडीच्या हाडाच्या वरच्या गोल टोकातल्या) बारीक रक्तवाहिन्या अडवतात आणि रक्ताविना आतलं हाड मरतं.

अशा हाडावरचा एक उपचार मज्जेवर, म्हणजे हाडाच्या पोकळीतल्या मऊ गरावर, आधारलेला आहे. मज्जेतून हाड तयार होतं, हे फ्रान्समध्ये गूजाँ यांनी १८६९ मध्येच दाखवलं होतं: प्राण्यांची मज्जा शरीरात दुसरीकडे रोवली, तिथे हाड धरलं. पण मज्जेतला नेमका कोणता घटक हे करतो? मॉस्कोत फ्रीडेनश्टाइन यांनी १९६६ ते १९७० दरम्यान त्या पेशी, म्हणजे हाड घडवू शकणाऱ्या मूळपेशी, वेगळ्या ओळखल्या. काचेच्या भांड्याला चिकटून प्रत्येक पेशी आपली वसाहत वाढवते. या वसाहती मोजता येतात आणि पुढचं सगळं या मोजणीवरच उभं आहे. १९९१ मध्ये कॅप्लन यांनी या पेशींसाठी 'मेसेन्कायमल स्टेम सेल' हे नाव रूढ केलं.

रुग्णांपर्यंत हे ज्ञान ठोसपणे नेलं ते पॅरिसजवळचे अस्थिशल्यचिकित्सक एर्निगू यांनी. २००५ मध्ये त्यांनी नडगीचं मोडलेलं हाड न जुळलेल्या ६० रुग्णांचा अनुभव मांडला. कमरेच्या हाडातून सरासरी ३०० मिली मज्जा काढून ती यंत्रात फिरवून ५० मिलीवर आणली आणि न जुळलेल्या जागी सोडली. दर मिलीमागे मूळपेशी सरासरी ६१२ वरून २५७९ झाल्या. ५३ जणांचं हाड जुळलं. उरलेल्या सात जणांना मिळालेल्या पेशी कमी होत्या.

चूक बहुधा मज्जा काढतानाच होते. एकाच जागी सुई ठेवून जास्त ओढलं की मज्जेऐवजी नुसतं रक्त येतं. म्हणून एका जागेवरून २ मिलीच्या आसपास घ्यायचं, सुई फिरवायची, पुढे सरकवायची. सिरिंजमध्ये हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) नसेल तर गुठळी होते आणि सगळं वाया जातं.

खुब्यासाठी बारीक भोक पाडून मेलेल्या भागात ही मज्जा सोडतात. इथे वेळ फार महत्त्वाची. एर्निगू यांच्या २००२ च्या नोंदीत, गोळा खचण्याआधी उपचार झालेल्या १४५ खुब्यांपैकी ९ बदलून कृत्रिम सांधा बसवावा लागला. खचल्यानंतरच्या ४४ पैकी २५. सुरुवातीला एक्स-रे निर्दोष दिसतो, दोष एमआरआयमध्ये सापडतो. म्हणून सिकलसेलच्या रुग्णाची जांघ दुखत राहिली तर स्वच्छ एक्स-रेवर समाधान मानू नये.

या रुग्णांना भूल देताना शरीरातलं पाणी, प्राणवायू आणि ऊब सांभाळावी लागते, नाहीतर पेशी पुन्हा वाकून रक्तवाहिन्या अडतात आणि तीव्र वेदनेचा झटका येतो. दुखणं साल्मोनेला या जिवाणूच्या हाडातल्या संसर्गाचं नाही ना, हेही आधी पाहावं लागतं. तिथे मज्जा सोडली तर संसर्ग पसरू शकतो.