शामा अजून कॉमन आहे, पण कुठे?

शामा दिसण्याआधी ऐकू येतो. दाट झाडीत खालच्या फांद्यांवर वावरणारा पक्षी, नर चकचकीत काळा, पोट तांबूस, शेपटी लांब, कमरेवर पांढरा पट्टा आणि गाणं असं की दुसऱ्या पक्ष्यांच्या नकलाही त्यात सहज मिसळून टाकतो. भारतापासून इंडोनेशियापर्यंत तो आहे आणि आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या रेड लिस्टमध्ये, म्हणजे प्रजातींना किती धोका आहे ते सांगणाऱ्या यादीत, त्याच्यापुढे शेरा आहे 'लीस्ट कन्सर्न', म्हणजे सध्या फारशी काळजी नको.

मला हा शेरा खटकतो. चुकीचा आहे असं नाही, पण तो अख्ख्या प्रजातीचा मिळून आहे. 'व्हल्नरेबल', म्हणजे धोक्यातला, ठरायला साधारण १० वर्षांत किंवा ३ पिढ्यांत, जो काळ मोठा असेल त्यात, संख्या निदान ३०% घटावी लागते, आणि पसारा एवढा मोठा असला की एखाद्या बेटावरचे शामा संपले तरी एकूण हिशोबात ते जाणवतच नाही.

इंडोनेशियातल्या जावा बेटावर हेच झालंय. तिथे पक्ष्यांच्या गाण्याच्या स्पर्धा भरतात, एका सर्व्हेत एकट्या जावात ६.६ ते ८.४ कोटी पिंजऱ्यातले पक्षी असल्याचा अंदाज निघाला. शामाला भाव जास्त आणि पकडायलाही तो सोपा, कारण आपल्या हद्दीत दुसऱ्या नराचा आवाज आला की हा भांडायला धावत येतो, मग रेकॉर्डिंग लावायचं आणि जाळं टाकायचं, बस. ज्या गाण्याने तो हद्द राखतो त्याच गाण्याने फसतो, वाईट वाटतं खरंच. झाडं मात्र जागेवरच असतात, त्यामुळे सॅटेलाइट फोटोत जंगल हिरवंगार दिसतं आणि आत शामा नसतो. इंडोनेशियातल्याच सुमात्राच्या पश्चिमेकडच्या काही बेटांवरूनही तो असाच गेलाय.

२०१८ मध्ये इंडोनेशियाने त्याला संरक्षित यादीत घातलं, पण पक्षी पाळणाऱ्यांनी विरोध केला आणि त्याच वर्षी नाव काढलंही. २०२२ मध्ये पनामाच्या बैठकीत तो सायटीस या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात, म्हणजे ज्यांच्या व्यापाराला परवाना लागतो त्या यादीत, आला, हे चांगलंच झालं, पण हा करार देशांच्या सीमा ओलांडणाऱ्या व्यापारापुरता आहे, देशातल्या देशातला बाजार त्याच्या कक्षेतच येत नाही.

आणि हवाईत, जिथला तो मुळात नाहीच, १९३१ मध्ये कवाई बेटावर सोडलेल्या शामांचे वंशज आज तिथल्या जंगलात गातायत.