सकारात्मक स्वयंसूचना (सहावी ते आठवीच्या वर्गांत)

स्वतःबद्दलचे एखादे खरे आणि धीर देणारे वाक्य ठरवून मनाशी म्हणणे किंवा वहीत लिहिणे, याला सकारात्मक स्वयंसूचना म्हणतात. ११ ते १४ वयाच्या मुलांचा, म्हणजे उच्च प्राथमिक वर्गांतल्या विद्यार्थ्यांचा, धीर सुटू नये म्हणून शिक्षक तिचा उपयोग करतात. परिपाठातला सुविचार वेगळा. तो साऱ्या शाळेसाठी एकच असतो आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावरून पुसला जातो. स्वयंसूचना स्वतःबद्दल असते, आणि ते वाक्य त्या एका मुलाला लागू पडावे लागते.

सातारा-सांगलीकडच्या खेड्यांत पुष्कळ मुले याच सुमारास गावातली जिल्हा परिषदेची शाळा सोडून मोठ्या गावच्या हायस्कुलात जाऊ लागतात, कुणी एसटीने, कुणी सायकलवर. गावात पहिल्या नंबरात असलेली मुलगी तिथे साठ जणांच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसते. आवाज, उंची, चेहरा, सगळेच बदलत असते. सातवी-आठवीला शिष्यवृत्ती आणि एनएमएमएस (गरीब घरांतल्या गुणी मुलांसाठीची केंद्राची शिष्यवृत्ती) यांच्या परीक्षा येतात. याच काळात मुले स्वतःला नावे ठेवायला शिकतात: ‘मी ढच आहे.’ ब्राह्मी लिपीपासून ज्याचे वळण जवळपास बदललेले नाही, असे हे अक्षर. ते मुलाला लावताना ‘हा काही बदलायचा नाही’ असेच आपण सांगत असतो.

रोज कानावर पडणारा शब्द काय करतो, हे सातारा जिल्ह्याने फार जवळून पाहिले आहे. मुलगा हवा असताना मुलगी झाली म्हणून ‘नकुशा’ किंवा ‘नकोशी’ असे नाव ठेवण्याची रीत इथे होती. हाक मारताना ‘तू नको होतीस’ असेच त्या मुलीला ऐकावे लागे. २२ ऑक्टोबर २०११ रोजी साताऱ्यात झालेल्या कार्यक्रमात अशा २८५ मुलींना नवी नावे मिळाली, आणि त्यांतल्या कित्येकींनी स्वतःचे नाव स्वतः निवडले. स्वयंसूचनेचा विचार करताना इथून सुरुवात करावी, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. कारण मूल मनाशी जे बोलते, ते आधी त्याने कुणाकडून तरी ऐकलेले असते.

स्वयंसूचनेचा आधुनिक प्रसार एमिल कुए (१८५७–१९२६) या फ्रेंच औषधविक्रेत्याने केला. ‘दिवसेंदिवस मी सर्व बाजूंनी अधिकाधिक सुधारत आहे’ अशा अर्थाचे वाक्य तो लोकांना सकाळ-संध्याकाळ वीसदा म्हणायला सांगे, आणि मोजण्यासाठी वीस गाठींची दोरी वापरायला सांगे. जपमाळेची सवय असलेल्या आपल्या माणसांना यात परके काही वाटू नये. मनाशी बोलणे तर इथे जुनेच आहे. सज्जनगडावर अखेरची वर्षे काढलेल्या समर्थ रामदासांचे मनाचे श्लोक मनालाच हाक मारून सांगितलेले आहेत. ‘मी’ऐवजी स्वतःचे नाव घेऊन किंवा ‘तू’ म्हणून स्वतःशी बोलल्यास भाषणासारख्या प्रसंगी घाबरणे कमी होते, असे मानसशास्त्रज्ञ इथन क्रॉस आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली दाखवले. वक्तृत्व स्पर्धेला उभ्या राहणाऱ्या मुलीला हे लगेच करून पाहता येते.

नुसती घोकंपट्टी मात्र उलटू शकते. मानसशास्त्रज्ञ जोॲन वुड यांच्या २००९ च्या प्रयोगात ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ हे वाक्य पुन्हा पुन्हा म्हणून ज्यांना स्वतःबद्दल मुळात कमीपणा वाटत होता, त्यांना आणखीच वाईट वाटले. मनाला न पटणारे वाक्य म्हटले की मन लगेच उलटे पुरावे काढून दाखवते. ‘मी हुशार आहे’ असे सगळ्या वर्गाकडून एका सुरात म्हणवून घेण्याची पद्धत म्हणूनच टाळावी. ज्याला त्याची सर्वांत जास्त गरज, त्यालाच ते सर्वांत जास्त टोचते.

मग वाक्य कसले असावे? गणिताच्या चाचणीत २० पैकी ७ मिळालेला सातवीतला मुलगा पेपरची घडी घालून दप्तराच्या तळाशी सारतो. त्याला ‘मला गणित येते’ म्हणायला लावणे खोटे. तोच पेपर उलगडून त्याच्यासोबत पाहिला, तर अपूर्णांकांची बेरीज तिन्ही ठिकाणी बरोबर असते आणि छेद वेगळे असलेल्या वजाबाकीत गाडी अडलेली असते. आता त्याचे वाक्य त्याच्याच बोलीत तयार होते: ‘बेरीज जमतीया, वजाबाकी अजून जमली न्हाय.’ या वाक्यातला ‘अजून’ फार मोलाचा आहे. ‘येत नाही’ने दार बंद होते, ‘अजून येत नाही’ने ते उघडे राहते. क्षमता प्रयत्नाने वाढते, या मानसशास्त्रज्ञ कॅरल ड्वेक यांच्या विचारातही नेमका याच शब्दावर भर आहे. बोली सुधारून घेऊ नये. मूल स्वतःशी पुस्तकी भाषेत बोलत नसते.

दुसरी पद्धत स्वतःची स्तुती न करता मूल्यांवर लिहिण्याची. तिचे मूळ मानसशास्त्रज्ञ क्लॉड स्टील यांच्या १९८८ च्या सिद्धांतात आहे: आपल्याला मोलाचे काय वाटते ते आठवले की मन धक्का सोसू शकते. २००६ साली जेफ्री कोहेन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या सातवीच्या मुलांना आपल्याला सर्वांत महत्त्वाचे काय वाटते ते निवडून, का ते थोडक्यात लिहायला सांगितले. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण वाढले आणि गोऱ्या मुलांशी असलेली तफावत सुमारे ४० टक्क्यांनी घटली. नंतरच्या मोठ्या चाचण्यांत परिणाम कधी लहान, तर कधी नगण्य दिसला, त्यामुळे याला रामबाण म्हणता येत नाही. तरी पद्धत बिनखर्चाची आहे. आपल्याकडचे मूल आजी, कुस्ती, घरची म्हैस किंवा लेझीम यांवरही मनापासून लिहील.

एक मर्यादा मात्र कधीच विसरू नये. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर हे नाव साताऱ्यातल्या शाळेच्या पटावर लागले. महाराष्ट्रात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. शाळेत आपल्याला कोपऱ्यात वेगळ्या गोणपाटावर बसावे लागे, असे बाबासाहेबांनी पुढे लिहून ठेवले. असे गोणपाट अंथरलेले असताना मुलाला ‘मी सगळ्यांच्या बरोबरीचा आहे’ म्हणायला सांगणे अन्याय आहे. आधी गोणपाट उचलायचे. चिडवणे, मार, उपाशीपोटी येणे, फळ्यावरचे न दिसणे यांवर वाक्याचा इलाज चालत नाही.

मूल्यांवरच्या या लेखनासाठी जूनमध्ये शाळा भरल्यानंतरचे दिवस, पहिल्या घटक चाचणीच्या आधीचे, सर्वांत बरे. दहा-पंधरा मिनिटे पुरतात. लिहिलेले वर्गात मोठ्याने वाचायला लावत नाहीत, त्याला गुण देत नाहीत, आणि शुद्धलेखनासाठी त्या पानाला लाल शाई लावत नाहीत.