दोन पट्ट्यांच्या मधला सूर

२९ सप्टेंबर २००७ ची रात्र. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या ग्रीन्सबरो शहरात, तिथल्या कोलिझियममध्ये, ‘व्हॅन हेलन’ या रॉक बँडचा कार्यक्रम शेवटाकडे आला होता. जुना गायक डेव्हिड ली रॉथ दोन दशकांनंतर बँडबरोबर दौऱ्यावर निघालेला. बेसवर बँडचा गिटारवादक एडी व्हॅन हेलन याचा सोळा वर्षांचा मुलगा वोल्फगँग, ड्रमवर एडीचा भाऊ ॲलेक्स. दौऱ्यातला हा दुसराच प्रयोग. शेवटी राखून ठेवलेलं गाणं अर्थातच ‘जंप’, १९८४ साली बिलबोर्ड या अमेरिकन लोकप्रियता-यादीत पहिल्या क्रमांकावर गेलेलं. सिंथेसायझरचा तो ओळखीचा तुकडा आधी भरून ठेवलेल्या ट्रॅकवरून सुरू झाला. मग गिटार आली आणि ऐकणाऱ्याच्या दातांतून कळ गेली.

त्या रात्रीच्या चित्रफिती आजही फिरतात. त्यांत एडी सूर शोधताना ऐकू येतो. एक फ्रेट (गिटारच्या मानेवरचं घर) वर जाऊन बघतो, जमत नाही. आणखी एक फ्रेट वर, तिथेही नाही. ट्रॅकचा सूर नेमका त्या दोहोंच्या मध्ये पडला होता. आपल्या पेटीच्या भाषेत सांगायचं तर, गाणं पांढरी एकमध्ये आहे असं समजा; ट्रॅक काळी एकच्या वर आणि पांढरी दोनच्या खाली वाजत होता. अशी पट्टी पेटीवर नसते आणि गिटारवरही नसते. तारा खेचून एखादा स्वर तिथवर नेता येईल, सहा तारांच्या कॉर्ड्स, म्हणजे एकत्र वाजणारे स्वर, कसे नेणार? गाणं तसंच, बेसूर, शेवटापर्यंत रेटलं गेलं.

नंतर ध्वनितंत्रातल्या लोकांनी आकडेमोड करून या गोंधळाचा जो उलगडा केला, तो चटकन पटतो. डिजिटल ध्वनी म्हणजे दर सेकंदाला घेतलेले हजारो नमुने. ट्रॅक सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या हिशेबाने भरलेला असेल आणि वाजवणारं यंत्र ४८,००० च्या हिशेबाने चालत असेल, तर सगळं सुमारे पावणेनऊ टक्के जास्त वेगाने धावतं. लय चढते आणि सूरही चढतो, साधारण दीड अर्धस्वराने, म्हणजे पेटीवरच्या दीड पट्टीने. ग्रीन्सबरोत ऐकू आलेला फरक तेवढाच होता.

पण मुळात हे दोन वेगवेगळे आकडे आले कुठून? ४४,१०० हा आकडा संगीतातून आलेला नाहीच, तो टीव्हीतून आला. सत्तरच्या दशकात डिजिटल ध्वनी साठवायला पुरेल एवढी जागा मुख्यतः व्हिडिओ टेपवर होती, म्हणून ध्वनीचे नमुने चित्राच्या रेघांमध्ये कोंबले जात. अमेरिकन-जपानी पद्धतीत सेकंदाला ६० क्षेत्रं (फील्ड, म्हणजे अर्धं-अर्धं चित्र), प्रत्येकात वापरता येतील अशा २४५ रेघा आणि प्रत्येक रेघेत तीन नमुने. गुणाकार करून बघा. युरोपच्या पद्धतीत ५० क्षेत्रं, २९४ रेघा, तीन नमुने, उत्तर तेच. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीने हाच आकडा उचलला. चित्रपट आणि टीव्हीच्या व्यावसायिक कामात मात्र ४८,००० सोयीचा, कारण त्याला २४, २५, ३० चित्रांनी निःशेष भाग जातो. दोन्ही आकडे टिकले, आणि तेव्हापासून प्रत्येक ध्वनियंत्रात कुठेतरी एक छोटी खिडकी असते, जिथे यांपैकी एक निवडायचा असतो.

वेग बदलला की सूर बदलतो ही अडचण डिजिटलपेक्षा पुष्कळ जुनी आहे. १९३५ चा हॅमंड ऑर्गन घ्या. तो बनवणारा लॉरेन्स हॅमंड आधी विजेवर चालणारी घड्याळं करायचा; घड्याळ ज्या तत्त्वाने अचूक वेळ दाखवतं त्याच तत्त्वाने त्याने ऑर्गनची चाकं फिरवली. मोटर विजेच्या आवर्तनांना बांधलेली. त्यामुळे हा ऑर्गन जुळवावा लागत नाही, असं त्याचं कौतुक. पण अमेरिकेतली वीज ६० आवर्तनांची आणि युरोपातली, आपलीही, ५० ची. तिकडचा ऑर्गन मध्ये काही साधन न लावता इकडे चालवला तर तो जवळपास तीन पट्ट्या उतरतो. मैदानातल्या कार्यक्रमात जनरेटर थकला की ऑर्गनही थकणार, आणि अख्ख्या बँडने त्याच्या मागे उतरायचं.

मेलोट्रॉनची तऱ्हा आणखी वेगळी. बर्मिंगहॅममध्ये १९६३ साली तयार झालेलं हे यंत्र म्हणजे कीबोर्डच्या प्रत्येक पट्टीखाली टेपचा एकेक तुकडा. पट्टी दाबली की व्हायोलिन किंवा बासरी साधारण आठ सेकंद वाजणार, मग टेप संपणार. जास्त पट्ट्या एकदम दाबल्या की मोटरवर ताण यायचा आणि सूर लडखडायचा. ‘मूडी ब्लूज’ या ब्रिटिश बँडचा माइक पिंडर पूर्वी याच कारखान्यात कामाला होता, ही त्या बँडची खरी पुण्याई. अमेरिकेतल्या एका कार्यक्रमात यंत्राची पाठ उघडून सगळ्या टेपा बाहेर लोंबल्या आणि तो रंगमंचावरच दुरुस्तीला बसला, असा किस्सा तो सांगत असे. ‘बॅकिंग ट्रॅक’ (आधी भरून ठेवलेली साथ) हा शब्द रूढ व्हायच्या आधीचा हा बॅकिंग ट्रॅकच, फक्त पट्ट्यांमध्ये चिरलेला.

इथे एक घरचा प्रसंग. नव्वदच्या दशकात आमच्या कॉलेजच्या गॅदरिंगला एका मुलीचं गाणं ‘मायनस वन’, म्हणजे गळ्याविना नुसती साथ भरलेल्या, कॅसेटवर होतं, आणि भराव म्हणून पेटी. ऐनवेळी लाइट गेले. टेपरेकॉर्डर सेलवर टाकला, सेल अर्धमेले. ट्रॅक सुरू झाला तो खालच्या सुरात, डोलत डोलत. पेटीवाल्याने एक पट्टी लावून पाहिली, तिच्या शेजारची लावून पाहिली, मान वर केली आणि म्हणाला, “मधली आहे.” भाता बंद केला आणि हात मांडीवर ठेवून बसला. गाणारी बिचारी कॅसेटच्या सुरात गेली, कारण गळ्याला पट्ट्या नसतात.

मोठ्या रंगमंचावर टेपशी जाहीर दंगा केला तो ब्रिटनच्या ‘द हू’ या बँडने. १९७१ च्या ‘बाबा ओ’रायली’ आणि ‘वोन्ट गेट फूल्ड अगेन’ या गाण्यांत ऑर्गन-सिंथेसायझरचे आवर्तनासारखे फिरणारे तुकडे होते, जे कुणा माणसाने प्रत्यक्ष वाजवणं अवघड. म्हणून ते टेपवर. आणि टेप कुणासाठी थांबत नाही, म्हणून ड्रमर कीथ मूनने टेपच्या मागे जायचं. मून म्हणजे ढोल-ताशा पथकात नाचता नाचता वाजवणाऱ्या पोरासारखा माणूस. हेडफोन डोक्यावरून उडून जाऊ नये म्हणून तो चिकटपट्टीने डोक्याला गुंडाळून घ्यायचा. या बेशिस्त माणसाने टेपबरोबर इतकी वर्षं लय सांभाळली, याचं श्रेय त्याला फार कमी मिळालं असं मला वाटतं.

१९७३ साली ‘क्वाड्रोफेनिया’ हा अल्बम घेऊन ते दौऱ्यावर निघाले तेव्हा टेपांची संख्या वाढली. ५ नोव्हेंबरला न्यूकॅसलच्या ओडियनमध्ये एका गाण्यात टेप बँडपासून सुटली. टेप पुढे की बँड मागे, हे ठरवण्याच्या भानगडीत बँडचा गिटारवादक पीट टाउनशेंड पडला नाही. त्याने ध्वनिव्यवस्थापक बॉब प्रिडनला गचांडी धरून ओढलं, यंत्रांवर हल्ला केला, टेपा उपटल्या. बँड आत गेला. थोड्या वेळाने परत येऊन त्यांनी जुनी गाणी वाजवली, ज्यांना टेप लागत नव्हती. प्रिडन या सगळ्यानंतरही त्यांच्याकडेच राहिला.

‘क्वीन’ या ब्रिटिश बँडने हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला आणि ती रीत मला अधिक आवडते. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’च्या मधल्या ऑपेरातले गळे थरावर थर चढवून भरलेले होते, चार माणसांनी ते रंगमंचावर म्हणणं शक्य नव्हतं. तेव्हा त्या भागापुरते चौघेही सरळ आत निघून जायचे. दिवे आणि टेप चालू, रंगमंच रिकामा. मग धडाक्याचा भाग आला की बाहेर. ओठ हलवायचं नाटक नाही. पाचगणीच्या शाळेत पियानो आणि बँडचे धडे गिरवलेला ‘क्वीन’चा गायक फ्रेडी मर्क्युरी नाटकीपणासाठी प्रसिद्ध, पण इथे त्याने नाटक टाळलं. याउलट ‘रेड हॉट चिली पेपर्स’ हा अमेरिकन बँड २०१४ च्या सुपर बोलमध्ये (अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यात) गळा सोडून बाकी सगळं भरून आणून वाजवल्याचा आविर्भाव करत होते. गिटारांना वायरी जोडलेल्याच नव्हत्या हे प्रेक्षकांनी टिपलं, आणि बेसवाल्या फ्लीला जाहीर खुलासा करावा लागला.

आता वाद्यांच्या जुळणीकडे. गिटारच्या तारा पोलादी. गार खोलीतून गिटार हजार वॉटच्या दिव्यांखाली आली की तारा तापून सैलावतात आणि सूर उतरतो. त्यात हाताने दांडी दाबून सूर झुलवायची सोय असेल तर प्रत्येक झोक्यानंतर तारा परत जागेवर येतीलच असं नाही. गिटारवादक जिमी हेंड्रिक्सचं निम्मं कसब, वाजता वाजता उतरलेली तार सावरून घेण्यात होतं. हातात मावणारा इलेक्ट्रॉनिक ट्यूनर (सूर दाखवणारं यंत्र) कॉर्ग या जपानी कंपनीने १९७५ च्या सुमारास आणला. त्याआधी रंगमंचावर, त्या कल्लोळात, कानानेच जुळवायचं.

१ ऑगस्ट १९७१ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशासाठी झालेल्या कार्यक्रमाची सुरुवात रविशंकर, अली अकबर खाँ आणि अल्लारखाँ यांनी केली. सतार-सरोद दीडेक मिनिट जुळवून झाले आणि रॉक ऐकायला आलेल्या हजारोंनी टाळ्यांचा कडकडाट केला. जुळवणंच एवढं आवडलं तर वादन आणखी आवडेल, असं रविशंकर हसत म्हणाले. सवाईच्या मंडपात तंबोरे मिळेपर्यंत शांत बसणाऱ्याला हा विनोद वाटेल. पण त्या श्रोत्यांना, वाजवण्याच्या आधी कुणी एवढा वेळ सूर शोधतं, हेच ठाऊक नव्हतं.

१३ जुलै १९८५ ला फिलाडेल्फियाच्या ‘लाइव्ह एड’ या मदतनिधीच्या कार्यक्रमात ‘लेड झेपलिन’ हा बँड पाच वर्षांनी एकत्र आला. गिटारवादक जिमी पेजच्या हातात आलेली गिटार उतरलेली, गायक रॉबर्ट प्लँटचा आवाज बसलेला, तालीम जवळपास नाहीच. पुढे त्या कार्यक्रमाची डीव्हीडी निघाली तेव्हा आपली तीन गाणी घ्यायला त्यांनी परवानगी दिली नाही.

सूर उतरण्यावर सगळ्यात कडक इलाज काढला फ्लॉइड रोझ नावाच्या अमेरिकन गिटारवाल्याने. तारा दोन्ही टोकांना स्क्रूने आवळून कुलूपबंद करायच्या, मग दांडी कितीही झुलवा. १९७९ साली त्याला पेटंट मिळालं. हे साधन सुरुवातीला उचलून धरणाऱ्यांत आणि त्यात सुधारणा सुचवणाऱ्यांत एडी व्हॅन हेलन होता. ग्रीन्सबरोत त्याच्यासमोर जो पेच होता त्यात हेही आलं: सूर ढळू नये म्हणून आवळलेली गिटार चालू गाण्यात दीड पट्टी चढवता येत नाही. त्यासाठी आधी पाना शोधावा लागतो.

दरम्यान जुन्या टेपची जागा डॅट या डिजिटल टेपने, मग हार्ड डिस्कने, मग लॅपटॉपने घेतली. ड्रमरच्या कानात क्लिक (लय दाखवणारी टिकटिक), गायकाच्या कानात क्लिक, दिव्यांनाही तीच क्लिक. २०२२ मध्ये ‘फॉलिंग इन रिव्हर्स’ या अमेरिकन बँडने लॅपटॉप हरवले म्हणून एक कार्यक्रमच रद्द केला, तेव्हा लॅपटॉपशिवाय वाजवता येत नाही तो रॉक कसला, असा वाद पेटला. मोठे बँड आता दोन लॅपटॉप एकाच वेळी चालवतात. एक अडकला तर मधला डबा आपोआप दुसऱ्यावर जातो आणि प्रेक्षकांना कळतही नाही. ग्रीन्सबरोत या व्यवस्थेचा काही उपयोग झाला नसता. दोन्ही लॅपटॉप एकाच आकड्यावर लावलेले असते, तर दोघांनीही तो ट्रॅक न अडकता, अगदी स्वच्छ, दीड पट्टी वर वाजवला असता.