फसवे ईमेल

पैसे, पासवर्ड किंवा संगणकाचा ताबा मिळवण्यासाठी खोट्या ओळखीने पाठवलेले ईमेल. खऱ्यासारख्या दिसणाऱ्या बनावट पानावर नेऊन पासवर्ड काढून घेण्याच्या प्रकाराला फिशिंग म्हणतात. हा शब्द १९९० च्या दशकात अमेरिका ऑनलाइन या सेवेची खाती लुबाडणाऱ्यांमध्ये रुळला. मराठीत मासेमारीतलेच ‘गळाला लागणे’ आधीपासून होतेच. इतक्या ढोबळ मेलला लोक अजून कसे फसतात, हा प्रश्न नेहमीचा आहे. मात्र तो विचारणारा बहुधा निकाल लागल्यानंतर मेल वाचत असतो.

ढोबळपणाचा उपयोग

तुरुंगात अडकलेल्या धनाढ्याला सोडवायला थोडे पैसे द्या, सुटल्यावर तो मालामाल करील, अशी ‘स्पॅनिश कैदी’ची पत्रे एकोणिसाव्या शतकात टपालाने येत. अडकलेली संपत्ती सोडवायला आगाऊ पैसे मागणारा नायजेरियन राजपुत्राचा मेल हा त्याच पत्राचा वंशज. नायजेरियाच्या फौजदारी संहितेतील फसवणुकीच्या कलमावरून या धंद्याला ‘४१९’ म्हणतात. हा मेल इतका बावळट का ठेवतात, याचे पटणारे उत्तर मायक्रोसॉफ्ट रिसर्चचे कॉर्मॅक हर्ली यांनी २०१२ मध्ये मांडले. लाखो मेल पाठवायला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. खर्च येतो तो उत्तर देणाऱ्याशी आठवडेच्या आठवडे बोलत बसण्याचा. अर्ध्या वाटेत शंका येऊन सटकणारा माणूस ठगाला महागात पडतो. म्हणून पहिलाच मेल असा लिहायचा, की शंकेखोराने तिथेच हसून सोडून द्यावा. उरतो तो कामाचा. थोडक्यात, ढोबळपणा ही चाळणी आहे आणि आपण तिला चूक समजतो. अर्थात, हे आगाऊ पैसे उकळण्याच्या धंद्यापुरते खरे. बँकेच्या किंवा प्राप्तिकर खात्याच्या नावाने येणारा मेल मुळीच ढोबळ नसतो.

आय लव्ह यू, २०००

४ मे २००० रोजी फिलिपिन्समधून निघालेल्या या मेलचा विषय ‘आय लव्ह यू’ एवढाच होता आणि सोबत एक ‘प्रेमपत्र’ जोडलेले होते. जोडलेल्या फाइलच्या नावाचा शेवट ‘डॉट टीएक्सटी डॉट व्हीबीएस’ असा. ओळखीच्या फाइलप्रकारांचे शेपूट लपवायचे, ही विंडोजची मूळ मांडणी. त्यामुळे पुष्कळांना ‘डॉट टीएक्सटी’पर्यंतच दिसले. साधा मजकूर समजून उघडलेली ती फाइल प्रत्यक्षात स्क्रिप्ट, म्हणजे उघडताच चालू होणारा छोटा प्रोग्राम, होती. ती आउटलुक या मेलच्या प्रोग्राममधल्या वहीतल्या सगळ्या पत्त्यांवर स्वतःला पाठवी आणि चित्रांच्या फाइलींवर स्वतःची प्रत लिहून त्या नष्ट करी. ब्रिटिश संसदेला आपली मेलव्यवस्था बंद करावी लागली. लोक प्रेमाला भुलले, असे तेव्हा लिहिले गेले. ते अर्धेच खरे आहे. मेल ओळखीच्या माणसाकडून आला होता आणि संगणक फाइलचे नाव अर्धवट दाखवत होता, या दोन गोष्टी भारी पडल्या. फिलिपिन्समध्ये तेव्हा असा गुन्हा धरणारा कायदाच नव्हता, त्यामुळे ओनेल दे गुझमान या विद्यार्थ्यावरील आरोप मागे घ्यावे लागले.

विंडोजमध्ये शेपूट लपवण्याची ही मांडणी आजही तशीच आहे. फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’वर खूण केली, की पूर्ण नाव दिसू लागते. नव्या संगणकावर सर्वात आधी हेच करावे.

पत्ता कसा वाचावा

मेलमध्ये पाठवणाऱ्याचे नाव हा पत्त्याहून वेगळा रकाना असतो आणि त्यात काहीही लिहिता येते. मोबाइलवर बहुधा तेवढेच दिसते. त्यावर बोट ठेवल्याशिवाय खरा पत्ता उघडत नाही. एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या मेलसेवेच्या आपोआप होणाऱ्या तपासण्या डोमेन, म्हणजे पत्त्यातले ‘@’ नंतरचे नाव, खरे आहे का, एवढेच पाहतात. ठगाने स्वतःच्या पैशाने घेतलेले डोमेन त्यांत बिनबोभाट उत्तीर्ण होते.

लिंक वाचताना सुरुवातीच्या जोड-तिरक्या रेघांनंतर पहिली एकेरी तिरकी रेघ येईपर्यंतचा भाग घ्यावा आणि तो उजवीकडून वाचावा. ‘इन्कमटॅक्स डॉट गव्ह डॉट इन डॉट रिफंड-स्टेटस डॉट टॉप’ या पत्त्यात डावीकडचे सरकारी नाव निव्वळ सजावट आहे. मालक ‘रिफंड-स्टेटस डॉट टॉप’वाला. डोळा डावीकडून वाचतो आणि ओळखीचे दिसले की थांबतो, यावरच हा सापळा उभा असतो. पत्त्याशेजारचे कुलूप म्हणजे संभाषण सांकेतिक आहे इतकेच. समोर कोण आहे, याची हमी ते देत नाही. ठगालाही ते काही मिनिटांत फुकट मिळते. भारतीय बँकांनी आपली संकेतस्थळे ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’वर न्यावीत, असे रिझर्व्ह बँकेने सांगितले, ते याच गोंधळावर उपाय म्हणून.

वेळ आणि सवय

३१ जुलैच्या सुमारास रिटर्न भरून परताव्याची वाट पाहणाऱ्याला ‘तुमचा परतावा अडकला आहे, खाते पडताळा’ असा मेल आला, तर तो खोटा वाटत नाही. ठगाला त्याच्याविषयी काहीही माहीत नसते. त्याने लाखभर जणांना तोच मेल पाठवलेला असतो आणि त्यांतले काहीजण नेमकी तीच वाट पाहत असतात. कुरिअर, नोकरीचा अर्ज, व्हिसा यांचेही तसेच. त्यामुळे शिकलेला फसतो, अडाणी फसतो, आणि सावध माणूसही घाईच्या दिवशी फसतो.

वाईट सवयी खऱ्या संस्थांनीही लावल्या आहेत. मेलमधली लिंक दाबू नका, असे बजावणारी संस्था पुढच्याच मेलमध्ये ‘येथे क्लिक करा’ असे बटण पाठवते. बँकेचे मासिक विवरण पासवर्ड घातलेल्या पीडीएफमध्ये येते, त्यामुळे पासवर्डची फाइल म्हणजे सुरक्षित फाइल, असे मनात बसते. ठग म्हणूनच पासवर्डची झिप पाठवतो आणि पासवर्ड मेलमध्येच लिहितो: कुलूपबंद झिपच्या आत विषाणू-तपासणीला डोकावता येत नाही.

यंत्राने अडवलेले माणूस सोडवून आणतो, असेही घडते. २०११ मध्ये आरएसए या सुरक्षा क्षेत्रातल्याच कंपनीत ‘२०११ रिक्रूटमेंट प्लॅन’ असा विषय असलेला मेल जंक फोल्डरमध्ये जाऊन पडला होता. एका कर्मचाऱ्याने तो तिथून काढून जोडलेली एक्सेल फाइल उघडली आणि हल्लेखोर आत शिरले. २०२२ पासून मायक्रोसॉफ्ट ऑफिस इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो, म्हणजे फाइलीत दडलेले छोटे प्रोग्राम, आपोआप रोखते. ठगांनी लगेच आयएसओ (डिस्कची प्रतिमा) आणि शॉर्टकट फाइलींकडे मोर्चा वळवला.

बदललेला खातेक्रमांक

सर्वात महागडी फसवणूक व्यापारी पत्रव्यवहारात होते आणि तिच्यात विषाणू असेलच असे नाही. पुरवठादाराच्या किंवा गिऱ्हाइकाच्या मेलपेटीचा पासवर्ड हाती आला, की ठग गप्प बसून वाचत राहतो. ‘इनव्हॉइस’, ‘पेमेंट’ हे शब्द असलेले मेल बाहेर पाठवणारा फिल्टर तो लावतो. बिलाची तारीख आली, की एकाच अक्षराने वेगळ्या पत्त्यावरून मेल येतो: आमचे जुने खाते ऑडिटमुळे बंद आहे, या नव्या खात्यात भरा. लिथुआनियाच्या एव्हाल्दास रिमासाउस्कासने एका तैवानी पुरवठादाराच्या नावाची कंपनी काढून २०१३ ते २०१५ दरम्यान गूगल आणि फेसबुककडून दहा कोटी डॉलरहून अधिक रक्कम उकळली. २०१९ मध्ये त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली.

खाते बदलल्याचा मेल आला, तर जुन्या बिलावरच्या फोन नंबरवर बोलून खात्री करावी, मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नव्हे. आरटीजीएस आणि एनईएफटी करताना खातेदाराचे नाव आधी दाखवण्याची सोय बँकांनी १ एप्रिल २०२५ पर्यंत द्यावी, असे रिझर्व्ह बँकेने सांगितले. त्याआधी नाव काहीही लिहिले, तरी पैसे क्रमांकावरच जमा होत.

फसल्यावर

पैसे गेले असतील, तर आधी बँकेला आणि १९३० या सायबर गुन्ह्यांच्या मदत-क्रमांकावर कळवावे. व्यवहार क्रमांक, रक्कम आणि वेळ हाताशी ठेवावी. पैसा पुढच्या खात्यांत पांगण्याआधी गोठवता आला, तरच परत मिळण्याची आशा असते. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाची वा बँकेची चूक नसताना झालेला गैरव्यवहार तीन कामकाजी दिवसांत कळवल्यास ग्राहकावर भार पडत नाही. मात्र त्याने स्वतःच पासवर्ड वा ओटीपी दिला असेल, तर कळवण्यापूर्वीचे नुकसान त्याचेच.

पासवर्ड गेला असेल, तर तो दुसऱ्या उपकरणावरून बदलावा आणि सर्व ठिकाणांहून लॉग-आउट करावे. नंतर मेलचे फिल्टर, फॉरवर्डिंग आणि पुनर्प्राप्तीचा फोन नंबर तपासावा. लोक नेमके हेच हमखास विसरतात. पासवर्ड बदलूनही मेल ठगाकडे जात राहतात ते त्यामुळे. ओटीपी बनावट पानावर टाकला, तर ठग तो त्याच क्षणी खऱ्या पानावर वापरतो. पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी वापरायची उपकरणातली डिजिटल किल्ली, डोमेनशी बांधलेली असल्याने बनावट पानावर चालतच नाही.

फसलेल्यांच्या पत्त्यांच्या याद्या पुढे विकल्या जातात. काही आठवड्यांनी ‘तुमचे बुडालेले पैसे परत मिळवून देतो, आधी एवढे शुल्क भरा’ असा मेल येतो, कित्येकदा पोलिसांच्या किंवा वकिलाच्या नावाने.