प्रिंट सर्व्हर : शेलमधून मांडणी

नेटवर्कवरील प्रिंटरची रांग (छपाईची कामे ज्या यादीत थांबतात ती), तिचा पत्ता व वापराची परवानगी खिडक्या-बटणांऐवजी कमांड शेलमध्ये, म्हणजे आज्ञा टंकून संगणक चालवण्याच्या पडद्यावर, ठरवण्याची पद्धत. ही रांग सांभाळणारा संगणक वा पेटी म्हणजे प्रिंट सर्व्हर.

या आज्ञांचे मूळ एकच नाही. युनिक्स या संगणकप्रणालीच्या बर्कली शाखेत एलपीआर (छपाईस पाठवणे), एलपीक्यू (रांग पाहणे), एलपीसी (रांगेवर नियंत्रण), तर सिस्टिम फाइव्ह शाखेत एलपी (छपाईस पाठवणे), एलपीस्टॅट (स्थिती पाहणे), एलपीॲडमिन (रांगेची मांडणी) अशी आज्ञांची दोन कुळे आढळतात. दुसऱ्या यंत्राकडे छपाई पाठवण्याची सोय बर्कलीच्या 4.2 आवृत्तीच्या (1983) सुमारास रुळली, असे साधारणपणे मानतात. एलपीआर हे नाव मात्र 1970 च्या दशकातील आहे. त्यामुळे केवळ नावांवरून काळ ठरवणे धोक्याचे. बर्कलीत रांगेचे वर्णन प्रिंटकॅप नावाच्या फाइलीत हाताने लिहावे लागे; एलपीसी रांग घडवत नसे, आधीच लिहिलेली रांग चालू-बंद करी. एलपीॲडमिन मात्र रांग स्वतःच घडवते. काटेकोर अर्थाने ‘शेलमधून मांडणी’ ही दुसऱ्या कुळाचीच म्हणणे अधिक सयुक्तिक.

बर्कलीची संदेशपद्धती ऑगस्ट 1990 मध्ये आरएफसी (इंटरनेटच्या पद्धतींवरील क्रमांकित दस्तऐवज) 1179 मध्ये नोंदली गेली. ते मानक नव्हे, चालू वहिवाटीचे वर्णन होय. या पद्धतीनुसार सर्व्हर पोर्ट (नेटवर्कवरील जोडणीचे क्रमांकित दार) 515 वर ऐकतो आणि मागणी करणाऱ्याने आपल्या बाजूस 721 ते 731 यांतलाच पोर्ट घ्यायचा, म्हणजे जेमतेम 11. संपलेली टीसीपी (नेटवर्कवरील माहितीच्या देवाणघेवाणीची पद्धत) जोडणी आपला पोर्ट काही काळ अडवून ठेवते. म्हणून एकाच सर्व्हरकडे छोटी कामे भराभर धाडली, की बाराव्याला ताटकळावे लागे. पुढे अनेक प्रणालींनी हे बंधन पाळणे सोडले.

1999 मध्ये आलेल्या कप्स या छपाई-प्रणालीने दोन्ही कुळांच्या आज्ञा ठेवल्या, पण आतून पोर्ट 631 वरील आयपीपी ही नवी छपाई-संदेशपद्धती स्वीकारली. येथे एलपीॲडमिनला ‘-पी’ने रांगेचे नाव, ‘-व्ही’ने प्रिंटरचा पत्ता व ‘-एम’ने प्रारूप (प्रिंटरच्या क्षमतांचे वर्णन) देतात; आयपीपी एव्हरीव्हेअर हे वेगळ्या चालकाविना छपाईचे मानक पाळणाऱ्या प्रिंटरला प्रारूप म्हणून ‘एव्हरीव्हेअर’ एवढेच पुरते. ‘-ई’ची जागा मात्र फसवी आहे : ‘-पी’च्या आधी लिहिल्यास ती जोडणी सांकेतिक करण्याची सक्ती ठरते, नंतर लिहिल्यास रांग सुरू होऊन कामे स्वीकारू लागते. बाकी मांडणी बिनचूक असूनही छपाई न होण्यामागे हीच चूक असू शकते.

विंडोजमध्ये पॉवरशेल या त्याच्या शेलच्या ॲड-प्रिंटरपोर्ट (प्रिंटरचा पत्ता नोंदवणारी) व ॲड-प्रिंटर (रांग घडवणारी) या आज्ञा विंडोज 8 व सर्व्हर 2012 पासून आहेत. प्रिंटरला जोडायच्या जुन्या सर्व्हर-पेट्यांत टेलनेटने, म्हणजे नेटवर्कवरून दुसऱ्या यंत्रात आज्ञा टंकण्याच्या सोयीने, शिरून आयपी (नेटवर्कवरील) पत्ता देत. त्यांच्या आज्ञा उत्पादकागणिक निराळ्या.